नव्या गिऱ्हाईकाची सवलत

विरारच्या बाजारात ती कोपऱ्यावर मासे घेऊन बसते. मी बोटानं वाटा दाखवते, पैसे देते आणि निघते. आमचं बोलणं तेवढंच.

एका शनिवारी तिनं पदराला हात पुसून फोन काढला आणि खवले लागू नयेत म्हणून करंगळीनं पडदा सरकवत मला खरेदीच्या अ‍ॅपवरची बर्फाची पेटी दाखवली. तिची थर्माकोलची पेटी फुटली होती. दुपारपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं आणि मासे मऊ पडायचे.

“नव्या गिऱ्हाईकाला तीनशे कमी. माझा नंबर झाला, पोराचा झाला, सुनेचा झाला. आता घरात नवा मानूस कोन नाय. तुझ्या फोनवरून मागवशील, बाय?”

मी सहसा कुणाला नंबरही देत नाही. “बघते,” म्हणेपर्यंत तिनं पैसे माझ्या हातात ठेवलेसुद्धा. माझं नावही तिला माहीत नव्हतं.

“आणि मी आलेच नाही तर?”

“मग म्हावरं कुठं घेशील?” ती हसली. “या अ‍ॅपवाल्यांचा धंदाच उलटा बघ. नव्याला देतात, जुन्याला कोन इचारत नाय.”

पुढच्या शनिवारी मी पेटी घेऊन गेले. तिनं झाकण दोनदा दाबून पाहिलं, बर्फ भरला, मग माझ्या बोंबलांच्या वाट्यात आणखी दोन टाकले.

“हे कशाला?”

“आता जुनी झालीस ना!”

त्या दिवशी मी लगेच निघाले नाही.