प्लगवरची लाल खूण

माझ्या मोटरसायकलच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागावर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. कार्बोरेटरवर आहे, मॅग्नेटवर आहे, अगदी प्लगवरसुद्धा आहे. जुन्या गाडीचा अस्सल माल आता बाजारात मिळत नाही, आणि मिस्त्री लोक तो आपल्याआधी ओळखतात. ठिपका असला की बदललेला माल पकडता येतो. नांदेडात जुनी गाडी सांभाळणारे माझ्या वयाचे बरेचजण ही युक्ती करतात. मी त्यापुढे जाऊन गाडी उघडली की स्टूल टाकून समोर बसतो आणि शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत चहालाही उठत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, तीस वर्षं परीक्षेत पहारा केला. कोणाच्या बाहीत काय दडलंय ते मला तोंडाकडे बघून कळतं, असा माझा समज होता.

गाडी मुलीच्या जन्माच्या वर्षी घेतलेली. मुलगी आता लातूरला सासरी आहे. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी मी आणि बायको याच गाडीवर लोहा, अहमदपूर करत तिच्याकडे जायचो. मुलगा मागे लागला होता की हे भंगार विका आणि नवीन घ्या. पण नवीन गाडी बिघडली की शोरूमवाले ती आत ओढून नेतात आणि आपण बाहेर काचेतून बघत बसायचं. आत काय काढलं, काय घातलं, देव जाणे. ज्या दुरुस्तीसमोर मला बसता येत नाही तिच्यावर माझा विश्वास नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी लातूरला निघालो तर गाडी चालूच होईना. किक मारून मारून पाय भरून आला. प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, पुन्हा बसवला, तरी ढिम्म. शेवटी बायको म्हणाली, चला एसटीनं. सोमवारी सकाळी तीच गाडी एका किकमध्ये चालू. पंधरा दिवसांनी रविवारी पुन्हा तेच. मोंढ्यात भाजीला जायचं असलं की गाडी गुणाची, लातूरचं नाव काढलं की रुसलेली. यंत्राला रविवार कळत नाही, माणसाला कळतो. म्हणजे यात कोणाचा तरी हात होता.

आधी पेट्रोल पंपावर संशय घेतला आणि पंप बदलला. मग शेजाऱ्यावर घेतला, कारण माझी गाडी चालू झाली की तो मुद्दाम खोकायचा. तिसऱ्या रविवारी मात्र मी प्लग काढून खिशात घातला आणि तडक मिस्त्रीकडे गेलो. वीस वर्षांची आमची ओळख. त्यानं प्लग उजेडात धरला आणि हा तर कधीचाच मेलेला आहे म्हणाला, आणि यावर तुमचा ठिपका कुठे आहे असं मलाच विचारलं. मी उसळलो. गेल्या महिन्यात गाडी तुझ्याकडेच उघडली होती, तूच बदलला असशील, असं चार गिऱ्हाइकांदेखत बोललो. तो चिडला नाही. फडक्याला हात पुसत म्हणाला, "गुरुजी, तुमच्या गाडीत चोरण्यासारखं काय ऱ्हायलंय? घरी बघा जरा."

घरी बघा. हे शब्द डोक्यात बसले. घरात माणसं तीन. मी, बायको आणि मुलगा. गाडी विका म्हणणारा कोण, तर मुलगा. गणित सरळ होतं. मेलेला प्लग पुन्हा बसवून आम्ही एसटीनं लातूरला जाऊन आलो, आणि सोमवारी सकाळी गाडीतला प्लग गुपचूप काढून मी त्याच मिस्त्रीला नेऊन दाखवला. त्यानं सांगितलं, हा ठिपकेवाला आहे. म्हणजे आम्ही निघायच्या आधी कोणीतरी मेलेला प्लग बसवत होतं आणि आम्ही गेल्यावर किंवा परतल्यावर चांगला परत लावत होतं. मुलाचा मला इतका राग आला की पंधरा दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही. जेवताना तो भाकरी पुढं करायचा आणि मी ताटाकडे बघत बसायचो.

पुढच्या लातूरच्या रविवारी फटफटायच्या सुमाराला उठलो आणि अंगणात पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिलो. थंडीनं दात वाजत होते. थोड्या वेळानं दार वाजलं. बायको बाहेर आली. तिनं पदर खोचला, गाडीशेजारी उकिडवी बसली, सीटखालचा प्लगपाना काढला आणि एका हिसक्यात प्लग सैल केला. हात इतका सराईत की मी बघतच राहिलो. तिला हे शिकवलं मीच होतं. तीस वर्षांत गाडी रस्त्यात बंद पडली की मी प्लग काढायचो आणि ती शेजारी बसून घासून द्यायची.

मी पुढं झालो. ती दचकली नाही. एका हातात एक प्लग, दुसऱ्या हातात दुसरा, तशीच बसून राहिली. मी विचारलं, तूच? आणि पोराला मी पंधरा दिवस...

"तुम्हाला दिसून न्हाई राहिलं," ती म्हणाली.

काय दिसत नाही, असं मी दरडावून विचारलं.

"पहिल्या दोन टायमाला हाच प्लग तुम्ही हातात घेऊन घासला. ठिपका न्हाई ते दिसलं का तुम्हाला? दिवाळीच्या मागं लोह्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली उभी होती. ती तरी दिसली होती का?"

ती ट्रॉली मला आठवत होती, पण वेगळी. तिनं ओरडून माझा खांदा मागं ओढला होता आणि गाडी रस्त्याखाली उतरली होती. त्यावरून मी तिला रस्त्यातच झापलं होतं, आणि लातूरला पोचल्यावर जावयासमोर सांगितलं होतं की मागं बसणारीनं चालवणाऱ्याला हात लावला की दोघंही मरतात. सगळे हसले होते.

मग आधी का बोलली नाहीस, मी म्हणालो.

"बोलले असते तर तुम्ही डॉक्टरवर बी संशय घेतला असता."

मी खरंच घेतला असता. मला लाज वाटली. सगळ्या गावावर पहारा केला आणि स्वतःच्या डोळ्यांना तेवढं मोकळं सोडलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं तरी मला लातूरच्या डॉक्टरकडून खात्री करून घ्यायची होती. बायको आदल्या दिवशी एसटीनं मुलीकडे गेली. मी मात्र गाडीवरच जाणार म्हणून हट्ट धरला. मुलानं किल्ली घेतली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलो.

मागं बसल्यावर पुढचा रस्ता दिसत नाही, चालवणाऱ्याची पाठ तेवढी दिसते. रस्ता बघायचा तर मान बाजूला काढून ताणून धरावी लागते. पोराच्या हातावर माझा भरवसा नव्हता, म्हणून मी तशीच धरली. लोहा यायच्या आत मान अशी अवघडली की वळवता येईना. बायकोची मान कित्येक वर्षं दुखते. लातूरहून आलो की ती गरम तेल लावून शेकत बसायची, आणि मी तिला म्हणायचो, मोबाइल बघणं कमी कर.