माझ्या मागे म्हणा

वीज कंपनीत मी सव्वीस वर्षं लाइनमन आहे. भर पावसात खांबावर चढलोय, तुटलेल्या तारा जोडल्यात, आणि खाली उभे राहून "लवकर करा ना बाप्पा" म्हणणाऱ्यांना वरूनच शिव्या घातल्यात. असा हा गडी सेलूच्या एका मंगल कार्यालयात, एसीच्या थंड हवेत, हातात माइक धरून गर्भगळीत झाला. हसा खुशाल. मलाही हसू येतं, पण घरी आल्यावर.

आम्हा बौद्धांच्या लग्नात भटजी नसतो. समाजातलाच एखादा जाणता माणूस उभा राहतो, त्रिशरण-पंचशील एकेक ओळ म्हणतो आणि सगळा मांडव त्याच्या मागे म्हणतो. मग नवरा-नवरीच्या प्रतिज्ञा. त्याही तशाच, त्यानं सांगायच्या आणि त्यांनी म्हणायच्या. आमच्या अल्लीपुरात आणि आजूबाजूच्या गावांत हे काम वीस वर्षं माझ्याकडे होतं. आवाज खणखणीत, आणि खरं सांगतो, त्याचा मला माजही होता.

सेलूला पंचशीलाच्या दुसऱ्याच ओळीला छातीत काहीतरी घट्ट आवळलं. बोटं बधिर झाली, स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटू लागला. दाराकडे पाहिलं. मध्ये फोटोवाले, सोफे, खुर्च्यांच्या रांगा. मागे पडद्याची भिंत. आता इथंच मरतो, असं पक्कं वाटलं. लग्न कसं उरकलं देव जाणे, आणि मी तर देव मानत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला दवाखाना गाठला. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, साफ निघाली. डॉक्टरीणबाई माझ्या पोरीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, हा पॅनिक अटॅक. जीव जात नाही, जातोय असं वाटतं." गोळ्या दिल्या. श्वास हळूहळू सोडा, पाय जमिनीवर दाबून धरा, जागा सोडून पळू नका आणि घरच्यांना सांगा, असं समजावलं. गोळ्या घेतल्या, श्वास मोजले. घरच्यांना मात्र सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! गावात कळलं असतं तर पोट्ट्यांनी मला खांबावर चढताना सुखानं चढू दिलं असतं का?

मग थापा सुरू झाल्या. घसा बसला. ड्यूटी लागली. पाहुणे आले. पण ते लेकाचं काही लग्नापुरतं थांबलं नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसलो, त्यानं गळ्याभोवती कापड आवळलं, आणि मी अर्धी दाढी तशीच ठेवून रस्त्यावर. न्हावी मागून ओरडतोय, "भाऊ, उरलेली कोन करन?" बायकोला सांगितलं, त्याचा वस्तरा बोथट होता. आठवडाभर बिचाऱ्याची बदनामी केली मी. बँकेची रांग सुटली, बसमधली खिडकीची जागा सुटली. जिथून पटकन उठता येणार नाही तिथं मी बसेनासा झालो. अशा जागा जगात किती आहेत, हे तेव्हा कळलं.

त्यातच पोरीचं लग्न ठरलं. मुलगा आष्टीचा, तिनं स्वतः पसंत केलेला. पोरगा चांगला होता, मला काही म्हणायचं नव्हतं. पण ती म्हणाली, "बाबा, लग्न तुमीच लावा."

"बापानं लावू नये," मी ठोकून दिलं.

"असं कुठी लिवलं हाये?"

"प्रत्येक गोष्ट लिहिलेली नसते!" मी उगाच खेकसलो.

ती म्हणाली, "साऱ्या गावाचे लग्नं लावले तुमी. माह्यंच काऊन नाई? पोरगा पसंत नाई का तुमाले?"

आता सांगा, काय करावं माणसानं? नाही म्हणावं तर पोरीचं मन मोडतं, हो म्हणावं तर चारशे माणसांसमोर अब्रू जाते, आणि खरं बोलायला जीभ उचलत नाही. हो म्हणालो. पण अशा आठ्या घालून म्हणालो, की तिचा चेहरा खुलला नाही. पुढचे चार महिने मी घरात सगळ्यांवर डाफरत फिरलो.

लग्न दुपारचं. पंचशील निभावलं. पहिली प्रतिज्ञा झाली, जावयानं स्वच्छ म्हटली. दुसरीला तोंड उघडलं आणि छाती आवळली. पाय दाबले. श्वास सोडला. काही उपयोग नाही. शब्द गायब. दाराशी जेवणाच्या पंगतीची घाई, तिथं माणसांची भिंत. सगळे माझ्या तोंडाकडे पाहताहेत. पांढऱ्या साडीतली माझी पोर पाहतेय, आणि तिचे डोळे भरून आलेत. माइक तोंडाशीच होता. निघून गेलं, "मले लय भेव लागून राह्यलं."

जावयानं हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "मले लय भेव लागून राह्यलं."

पंचशीलाच्या सवयीनं मागच्या दोन-तीन रांगाही म्हणून मोकळ्या झाल्या. आणि मग जो हशा पिकला!

"जावई," मी म्हणालो, "हे प्रतिज्ञेतलं नाई. हे माहं हाये. दोन वर्षं झाले, असं गर्दीत उभं राह्यलं का जीव घाबरते. आत्ताही घाबरून राह्यला."

हशा थांबला. कुणीतरी खुर्ची पुढं सरकवली. बसलो. शर्ट घामानं चिंब, हात लटलट कापत होते, आणि ते कापणं सगळा गाव पाहत होता. पोर वाकून माझ्या कानाशी आली.

"नुसतं भेव लागत होतं, बाबा?"

"नुसतं काय म्हणतं? जीव चालला माहा."

"मी त समजली, तुमाले हे लग्नच नाई पाह्यजे," ती म्हणाली, आणि भर मांडवात हुंदके देऊन रडू लागली. "रोज वाटे, आज मोडतीन, उद्या मोडतीन. सकाळी साडी नेसतानीही वाटलं."

छाती आवळलेलीच होती, पण त्या क्षणी मला छातीची आठवणसुद्धा राहिली नाही. चार महिने मी माझे श्वास मोजत होतो, आणि भिंतीपलीकडच्या खोलीत माझी पोर माझ्याच भीतीनं झोपत नव्हती.