नको म्हणणारे उंदीर

पांढऱ्या उंदरांनी गोड पाणी नाकारलं म्हणून आनंदानं उड्या मारणारी अख्ख्या चंद्रपुरात मी एकटीच असेन!

तेव्हा मी तिथं एम.फार्म. करत होते. घर मूल गावाच्या पुढं, तलावाच्या काठी. आमची मासे धरणाऱ्यांची वस्ती. माझी माय जाळं ओढायची तेही गालात खर्रा दाबून. तंबाखू, सुपारी, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. आमच्याकडे पाहुणा आला की चहाआधी खर्रा पुढं होतो, बायामाणसं सगळेच खातात. त्यानं मायचं तोंड आखडत चाललं होतं. घास बारीक करून आत सारावा लागे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आता सोडला नाही तर तोंड उघडायचंच बंद होईल, आणि आतल्या पांढऱ्या डागांचा काही भरवसा नाही. माय म्हणायची, "सुटत नाई वं, काय करू?" मी भांडायचे, पन्नी चुलीत टाकायचे. ती दुसरी आणायची.

म्हणून मी विषयच हा घेतला. नशेची गोडी सगळेच मोजतात, मला तिची किळस मोजायची होती. उंदराला आधी गोड पाणी पाजायचं आणि लगेच निकोटिनची सुई द्यायची. पोटात ढवळलं की उंदीर त्याचं खापर गोड पाण्यावर फोडतो, मग त्याला तोंड लावत नाही. शरीर असं आपणहून 'नको' म्हणतं, हे मला मायला दाखवायचं होतं. गावात कळलं तेव्हा शेजारची काकू हसून हसून लोळली. "आमी उंदीर मारून राह्यलो न तू त्यायले गोड पानी पाजून राह्यली! आमाले तर कोनी चहा नाई इचारत!"

बाटल्या तपासायच्या सकाळी मी उजाडताच प्रयोगशाळेत हजर. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या, एक साध्या पाण्याची, एक गोड. पहिल्या गटाची साधी बाटली रिकामी, गोड जवळजवळ भरलेली! "मॅडम, नको म्हणाले! नको म्हणाले!" मी ओरडलेच. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "दुसरा गट बघ आधी." या गटाला आम्ही गोड पाण्याच्या कितीतरी आधीपासून रोज थोडं थोडं निकोटिन देत आलो होतो. पुढं सगळं सारखंच, तेच पाणी, तीच सुई. आणि यांनी गोड बाटली चाटूनपुसून संपवलेली! म्हणजे सवयीनं त्यांचं 'नको' पार बुजून गेलं होतं. मॅडमसुद्धा खुर्चीतून उठल्या. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

दुपारच्या एसटीनं मी थेट घरी. माय अंगणात जाळं सांधत बसली होती. मी तिला दोन्ही गटांचं सांगितलं, मग पहिल्या गटातला उंदीर होऊन दाखवलं, नाक मुरडून, बाटलीकडे पाठ फिरवून. माय म्हणाली, "मले बी पयल्या डाव तसंच झालं होतं. धानाचा रोवणा चालू होता. डोकं गरगरलं, बांधीतल्या चिखलातच ओकली. म्हटलं, आता मेली तरी खात नाई."

"मंग?"

"मंग तुह्या आजीनं म्हटलं, पयल्यांदा साऱ्यायलेच होते. चिमूटभर खाय, रोज थोडं वाढव. अंगात जोर येते."

"माय! तू तर माझा दुसरा गट! हुबेहूब!" मी टाळ्याच पिटल्या. इतका आनंद मला परीक्षेत पहिली आल्यावरही झाला नव्हता. मायही हसली, तोंड उघडेल तेवढं. मग सुई जाळ्यात तशीच खोचून तिनं विचारलं, "त्या दुसऱ्या उंदरायचं आता काय करशीन?"

माझ्या टाळ्या थांबल्या. एवढ्या धावपळीत हा प्रश्न मला शिवलाही नव्हता.

"त्यांचं निकोटिन बंद करून पाहीन," मी म्हणाले. "गेलेलं 'नको' परत येते का ते."

"येते का?"

"माहीत नाई, माय."

"कधी बंद करशीन?"

"उद्या."

तिनं खर्रा या गालातून त्या गालात सारला. "मंग मी बी उद्यापासून बंद करून पायतो," ती म्हणाली. "त्यायचं परत आलं तर मले फोन कर. नाई आलं तर नको करू."