उरलेलं प्रकरण

करडईच्या तेलाचा वास आला की मला चाकूरची ती दुपार आठवते. तिथल्या दवाखान्यात मी नर्स होते. माझ्या घरमालकीणबाई एकट्याच राहायच्या. नळाला पाणी यायची वाट बघत आम्ही दारात बसायचो. त्या माझ्या डोक्याला तेल लावायच्या आणि मी त्यांना रहस्यकादंबरी वाचून दाखवायचे. तिच्यात खुनाचा तपास करणाऱ्या दोघी महिला पोलीस होत्या. बाईंना खुनाचं फारसं काही नव्हतं. त्या दोघी रोज एका डब्यात जेवतात, हेच त्यांना लई आवडायचं. मला नांदेडला नोकरी लागली, तेव्हा एकच प्रकरण उरलं होतं. निघायच्या दिवशी दुपारी मी ते उघडलं, तर मागून त्यांचा तेलकट हात पानावर आला. "नको वाचू माय. खुनी घावला की त्या दोघी आपापल्या घरी जातेत." तेवढ्यात नळ आला. रिकाम्या घागरी तशाच होत्या, पाणी वाहून चाललं होतं, पण बाई उठल्या न्हाईत. आता नांदेडच्या खोलीत मी एकटीच जेवते. ते पुस्तक उशाशी असतं, पानावर त्यांची बोटं उमटलेली आहेत, आणि त्याच्यापुढं मीही अजून वाचलेलं नाही.