कायमच्या गिऱ्हाइकाचं अक्षर

येलहंक्याच्या जुन्या भागात कुणाला ब्लाउजवर कसुतीचं भरतकाम हवं असलं की शालनअक्काचं घर गाठावं लागतं, आणि कापड हातात दिल्याबरोबर अक्का आधी चिठ्ठी लावते. मग बोलते.

या चिठ्ठीचा कायदा मोठा कडक. प्रत्येक कापडाला टाचणीनं एक इंग्रजी अक्षर, आणि तेच अक्षर वहीत. नुसत्या नावानं भागत नाही, कारण तिच्या एका गल्लीत लक्ष्म्याच सात. एकदा येऊन जाणाऱ्यांना ए, बी, सी. वर्षानुवर्षं येणाऱ्यांना शेवटून, झेड, वाय, एक्स. म्हणजे गर्दी पुढच्या पुढे भांडू दे, जुन्या गिऱ्हाइकाच्या अक्षराला कुणाचा धक्का लागायचा नाही. फार पूर्वी एकदाच तिनं चुकून दोन कापडांना एकच अक्षर लावलं होतं. वरचं कापड दिसलं, खालचं आठ दिवस दिसेना. "तुम्ही दिलंच नाही," म्हणून ती त्या बाईशी कडाकडा भांडली आणि नवव्या दिवशी कापड वरच्या कापडाच्या घडीत सापडलं. माफी मागताना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तिला.

शालन मूळची निपाणीची. नवरा होसकोट्याच्या कारखान्यात. हातानं टाके घालून घालून डोळे अधू झाले, तेव्हा तिनं भरतकामाचं मशीन घेतलं आणि नक्षी कॉम्प्युटरवर काढायला शिकली. बायकांच्या पेटीतली जुनी लुगडी मागून आणायची, भिंगाखाली टाके मोजायचे, तसेच पडद्यावर उतरवायचे आणि लुगडं परत द्यायचं. नऊ वर्षांत दोनशे बारा नक्ष्या झाल्या. त्या सगळ्या एका तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्ये होत्या, आणि डिस्क मखमली पिशवीत. दुसरी प्रत काढायची म्हणून ती नऊ वर्षं म्हणत होती.

गुरुवारी सकाळी तिनं डिस्क लावली आणि कॉम्प्युटरनं ती ओळखलीच नाही.

दिवा लागत होता. टिंग असा आवाजही झाला. पण पडद्यावर डिस्कचं नाव नाही. तिनं चार वेळा काढली, चार वेळा लावली. धनलक्ष्मी जुनं गिऱ्हाईक, तिच्या मुलीचा संध्याकाळी साखरपुडा होता, ब्लाउज चारला न्यायचं ठरलं होतं, आणि त्यावर भरायचा होता तेर, म्हणजे देवाचा रथ, धनलक्ष्मीच्या आजीच्या लुगड्यावरचा. ते लुगडं आजीला नेसवूनच तिला निरोप दिला होता. आता तो रथ जगात फक्त या डिस्कमध्ये होता.

तिनं वरच्या खोलीतल्या भाडेकरूला, पुण्याच्या वेदांतला, कोरमंगलाच्या ऑफिसात फोन लावला.

"काकू, नऊ वर्षं जुनी डिस्क आहे, डेड झाली असणार. मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बघतो."

संध्याकाळ घेऊन काय करायचं होतं? शालननं दुसरा फोन लावला. अकरा वाजता कॉम्प्युटरवाला मंजुनाथ आला. हा चिक्कोडीचा, माणूस गुणी, पण घाई नाकाच्या शेंड्यावर. बरोबर नवी डिस्कही घेऊन आला होता, म्हणजे जुनीचं बारावं त्यानं वाटेतच उरकलं होतं. त्यानं कुठलीशी वेगळी खिडकी उघडली. तिथं मात्र डिस्कची निळी पट्टी दिसली.

"बघा अक्का, आहे, पण उघडत नाही. आतलं सगळं खराब झालंय. फॉरमॅट मारतो, सगळं पुसलं की डिस्क तरी वापरायला येईल."

"आणि माझी नक्षी?"

"नक्षी गेली की अक्का."

त्याचा हात माउसवर. शालननं मापाची टेप सरळ त्या हातावर ठेवली. "स्वल्प थांब. हात काढ."

ती पडद्याजवळ वाकली. पट्टीवर अक्षर होतं एफ. "आता आपली नेहमीची खिडकी दाखव," ती म्हणाली. तिथंही एक एफ होता. पण त्यात वेदांतची नाटकं! रविवारी त्यानं मोठ्या प्रेमानं आपल्या खोलीतला नाटकांचा साठा वायफायवरून तिच्या कॉम्प्युटरला जोडून दिला होता. तेव्हा डिस्क पिशवीत होती. डिस्कचा नेहमीचा एफ मोकळा दिसला, त्यानं घेतला.

"अरे देवा, एका अक्षरावर दोन कापडं!" शालन ओरडलीच. "मेली नाही रे ती. नाटकांच्या खाली दबलीय. अक्षर बदल तिचं."

मंजुनाथनं डोकं खाजवलं. पट्टीवर क्लिक करून अक्षर बदलायची जागा काढली. "सरी अक्का, ठीक आहे. जी मोकळा आहे, जी देतो."

"जी नको. उद्या कुणी पेन ड्राइव्ह लावला की तो जी मागेल. हे कायमचं गिऱ्हाईक आहे. झेड दे."

कॉम्प्युटरनं एक धमकी दिली, की अक्षर बदललं तर काही कामं अडतील. शालननं स्वतःच्या बोटानं 'हो' दाबलं. क्षणभर काही नाही. मग खिडकी उघडली आणि गोपुरं, हत्ती, तुळशीकट्टे, सगळे दोनशे बारा रांगेनं उभे राहिले. शालन लहान पोरीसारखी टाळ्या पिटत हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मंजुनाथ गपचूप नवी डिस्क आपल्या बॅगेत घालू लागला.

"ती कुठं नेतोस? ठेव इथं. आधी सगळी प्रत काढ. तिला वाय दे."

दुपारी वेदांतचा फोन आला, रविवारचं त्याला आत्ता आठवलं होतं. "काकू, सॉरी, तो एफ मीच..." शालन म्हणाली, "नाटक लावून ठेव. रात्री बघू," आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

बरोबर चारला धनलक्ष्मी दारात. ब्लाउज उलगडून तिनं रथाच्या कळसापासून चाकापर्यंत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून लहानपणी असंच फिरवायची.

"अक्का," ती कशीबशी म्हणाली, "चाकाला एक आरी कमी. आजीच्या लुगड्यावरही एक कमीच होती."

"मोजूनच काढलीय," शालन म्हणाली, आणि ब्लाउजची आता मोकळी झालेली चिठ्ठी काढून तिनं डिस्कच्या मखमली पिशवीला टाचली. झेड.