मेहकरच्या चटणीला मालक हवा

मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. वडील सभांची पत्रकं छापून आणत, उरलेल्यांवर आई पोळ्या ठेवी. त्यामुळे माझ्या पोळीच्या मागच्या बाजूला बहुधा शोषणाविरुद्ध काहीतरी उमटलेलं असे. अशा पोळ्या खाऊन वाढलेल्या माणसाने धंदा काढू नये. मी काढला.

मेहकरला, आमच्याच पडवीत, जवसाची चटणी. करणारी चौघं: मी, आई, मामी आणि शेजारच्या काकू. पहिल्याच दिवशी मी जाहीर केलं, इथे कोणी मालक नाही. मालक म्हणजे दुसऱ्याच्या घामावर जगणारा. इथे प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरेल, चारपैकी तीन हात पाहिजेत. मीठ किती घालायचं, तेसुद्धा आम्ही असंच ठरवायचो.

बुलढाण्याच्या एका ठोक किराणावाल्याला चटणी आवडली. "पण जीएसटी नंबर आणा, त्याशिवाय बिल चालत नाही," तो म्हणाला. आम्ही आनंदाच्या भरात आधीच चाळीस किलो कुटून बसलो. आता नंबर लवकर आला नाही, तर सगळी चटणी खवट होणार होती.

मी कर सल्लागाराकडे गेलो. मार्च महिना. खुर्च्यांवर फायली बसलेल्या आणि माणसं जिन्यात.

"मालकाचं नाव?" त्याने मान वर न करता विचारलं.

"आमचा धंदा सामूहिक आहे. त्यामागची भूमिका अशी की..."

"भाऊ, मार्च आहे. नाव सांग."

मी स्वतःचं नाव सांगितलं आणि तिथल्या तिथे निषेध नोंदवला. त्याने अर्ज वरखाली पाहिला, पण निषेधाचा रकाना त्याला सापडला नाही.

घरी ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. लाज वाटत होती.

चार दिवसांनी जागेची पाहणी करायला जीएसटी ऑफिसातून साहेब आले.

"मालक कोण?"

"कोणीच नाही साहेब," आई अभिमानाने म्हणाली. पाठच करून घेतलं होतं मी.

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "मग हा कोण?"

"हा? हा आज पाकिटं चिकटवून राह्यला. तेही वाकडे."

साहेबांनी कागद काढून लिहायला घेतलं, "अर्जदार जागेवर आढळला नाही." मी घाबरलो. हाताला डिंक, तसाच उठलो. "साहेब, अर्जदार मीच! मालक मीच!"

मामीने हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"काऊन बे," मामी म्हणाली, "तू कधीपासून मालक झाला? हात कोणी वर केले?"

"मामी, फक्त कागदावर..."

"कागदावर तं कागदावर. ठराव मांड."

साहेब घड्याळ पाहत म्हणाले, "काय ते ठरवा लवकर. मला लोणारला जायचंय."

ठराव आईने मांडला: पोराला मालक करावं, चटणी खवट होण्याआधी. आईने हात वर केला. चाळीस किलोंच्या डब्यांकडे पाहत काकूंनीही केला. मामीने हात मांडीखाली दाबून ठेवले. "यानंच शिकोलं मले, मालक म्हणजे घामावर जगणारा. मी नाही देत हात."

उरला माझा हात. पत्रकांमधल्या जाड ठशातल्या सगळ्या घोषणा माझ्या डोळ्यांपुढे नाचू लागल्या. तेवढ्यात साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा उघडलं.

मी हात वर केला.

"वाहवा!" मामी म्हणाली. "सोताच मत देऊन मालक झाला. इतका तं सरपंचही निर्लज्ज नसते."

साहेबांनी पटकन जागेचा फोटो काढला. त्यात मी डिंकाचा हात वर करून उभा आहे, शपथ घेतल्यासारखा.

नंबर आला. चटणी खवट होण्याआधी बुलढाण्याच्या बसवर चढली. त्याच संध्याकाळी मामीने मला मालकपदावरून काढण्याचा ठराव मांडला. चारही हात वर गेले, सगळ्यांत आधी माझा.

सरकारला हे अजून कळवलेलं नाही.