जवायासाठी राखलेला कूलर

मंडळी, दुपारपासून मन लागून नाही राह्यलं, म्हणून लिवतो.

आमच्या इंझोरीच्या घरी कूलर हाय. पण तो चालायचा फक्त बहीण अन् जवाई उन्हायात मुक्कामी आले की. बाकी दिवस त्याच्यावर चादर. लाइट बिल दरसाल वाढत गेलं, तसे बाबा अंगावर ओला दुपट्टा घेऊन झोपायले लागले. "मले सवय हाय," म्हणायचे. मांगच्या उन्हायात ते गेले.

औंदा मी छतावर सोलर बसवलं. आज पहिलं बिल आलं, अगदी नावाले. मोठ्या हौसेनं कूलर धुतला, नवं गवत भरलं, पाणी टाकलं आन् भर दुपारी मायच्या खोलीत लावला.

आवाज आयकून झोपलेली माय दचकून उठली. घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला.

"जवाई आले काय रे? सांगतलं काहून नाही? रसाले आंबे बी नाहीत घरात."

"कोणी नाही आलं माय. तुह्यासाठीच लावला. आता बिलाचं भेव नाही."

माय खाटेवर बसली. थंड हवेनं तिचा पदर हालून राह्यला होता. जराशानं हळूच म्हणे, "मंग मांगच्या सालीच काहून नाही बसवलं रे?"

सोलरवाला मांगच्या साली बी आला होता. "पुढच्या साली पाहू," असं मीच त्याले म्हटलं होतं.

तुमच्या घरी बी कोणी "मले सवय हाय" म्हणते काय? त्याइचं आयकू नका.